कारखाना केवढा बांधायचा? ॲल्युमिनियमचं जुनं गणित

१९६० च्या दशकात भारतात ॲल्युमिनियमची मागणी वाढत होती, पण भांडवल तुटपुंजं. मग कारखाना एकदम मोठा टाकायचा की थोडा थोडा? ॲलन मॅनी या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९६१ मध्ये यासाठी एक सुटसुटीत मॉडेल दिलं. १९६७ च्या त्याच्या संपादित पुस्तकात त्याच धाटणीची मॉडेल्स भारतातल्या ॲल्युमिनियम, सिमेंट, कॉस्टिक सोडा आणि नत्रखत उद्योगांना लावली आहेत.

क्षमता दुप्पट केली म्हणून खर्च दुप्पट होत नाही, घातांक ०.७ धरला तर साधारण १.६२ पट होतो. म्हणजे मोठाच बरा. पण रिकाम्या पडलेल्या क्षमतेत अडकलेल्या पैशावर व्याज चढतं. मागणी दरवर्षी ठरावीक टनांनी वाढते आणि तुटवडा चालणार नाही, असं मानून गणित सोडवलं की १० टक्के व्याजदराला दर पावणेसात वर्षांनी नवा कारखाना येतो.

गंमत बघा, मागणी किती टनांनी वाढते हे त्या अंतरात कुठे येतच नाही! त्यावर फक्त कारखान्याचा आकार ठरतो. व्याजदर ५ टक्के धरा, अंतर थेट साडेतेरा वर्षं. आणि हा दर नियोजनकारांनीच ठरवायचा. माझ्या मते खरी मेख तिथे आहे, मागणीच्या अंदाजात नाही.

मागणीच अनिश्चित असेल तर? मॅनीचं उत्तर उलटं वाटतं: कारखाना आणखी मोठा बांधा.