कारीच्या शकावलीची कुळकथा

19 फेब्रुवारी 1630 ही शिवाजी महाराजांची जन्मतारीख आज शाळकरी पोरालाही पाठ असते. ती ज्या कागदामुळे पुढे आली तो कागद भोर तालुक्यातल्या कारी गावचा. रायरेश्वराच्या पायथ्याला, मावळातल्या रोहिडखोऱ्यात, तिथले देशमुख कान्होजी जेधे यांचे हे गाव. त्यांच्या वंशजांच्या दप्तरात एक शकावली होती. शकावली म्हणजे शकांची ओळ. 1618 पासून 1697 पर्यंत कोणत्या वर्षी काय घडले, याची ती त्रोटक टिपणे. बखरीसारखा पाल्हाळ नाही, धन्याची स्तुती नाही. 1907 साली दाजीसाहेब जेधे देशमुखांनी ती लोकमान्य टिळकांच्या हाती दिली. पुढच्याच वर्षी टिळकांची रवानगी मंडालेला झाली, 1914 मध्ये ते सुटले, आणि 1916 साली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात शकावली छापून निघाली. तोवर बखरींच्या आधाराने जन्मसाल 1627 धरले जात होते.

घरातल्या पेटीत होता तोवर हा कागद कुळाचे भूषण होता, पण पुरावा नव्हता. पुरावा तो छापल्यावर झाला, कारण त्यानंतर ज्यांचा जेध्यांशी काडीचाही संबंध नव्हता अशांना तो तपासता आला. जन्माच्या नोंदीत शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र एवढा तपशील आहे. तिथी, वार आणि नक्षत्र एकमेकांशी जुळतात की नाही हे गणिताने कोणालाही पडताळता येते, त्यासाठी कारीला जाऊन कुणाची मर्जी सांभाळावी लागत नाही. तिथी जुन्या इंग्रजी कालगणनेत मांडली की 19 फेब्रुवारी येतो आणि वार शुक्रवारच पडतो. 1925 च्या ‘शिवचरित्रप्रदीप’मध्ये शकावली पुन्हा आली. मग तंजावरला सापडलेले परमानंदाचे ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य 1927 साली छापले गेले, आणि त्यातूनही हीच तिथी निघाली. मावळातला कागद आणि तंजावरची पोथी यांची गाठ पडली ती छापील पानावर. दोन्ही आपापल्या बस्त्यात राहिल्या असत्या तर वाद ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सुटला असता.

कागद असा सर्वांना खुला करणे, आज ज्याला ‘ओपन ॲक्सेस’ म्हणतात, त्याची जन्मकथा सांगताना 2002 च्या बुडापेस्ट जाहीरनाम्याकडे बोट दाखवतात. संशोधनाचे लेख इंटरनेटवर कोणालाही फुकट वाचता, उतरवून घेता आणि वापरता यावेत, ही मागणी तिथे नीट शब्दांत मांडली गेली, हे खरे. पण मावळाला ही कल्पना परकी वाटू नये. वतनाचा तंटा गोतापुढे, म्हणजे हक्कदारांच्या सभेपुढे, यायचा, दोन्ही बाजूंचे कागद सभेत वाचले जायचे आणि निवाड्याचा महजर व्हायचा. महजर या अरबी शब्दातच हजर असणे आहे. दहाजणांच्या हजेरीत झाला, त्यावर पाटलाचा नांगर आणि इतरांच्या निशाण्या उठल्या, म्हणून तो कागद पक्का. एकट्याने घरी बसून दाखवलेल्या कागदाला तसे वजन नव्हते. गोत म्हणजे काही सारा गाव नव्हे आणि तिथे बसायचा हक्क सर्वांना नव्हता, हे विसरून चालणार नाही. छपाईने केले ते एवढेच की या सभेची भिंत काढून टाकली.

ते काम हट्टाने केले वि. का. राजवाडे यांनी. 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे 22 खंड त्यांनी काढले आणि त्यांत मावळातल्या घराण्यांचे कितीतरी कागद आले. अर्थ लावण्याआधी मूळ पत्र छापायचे, म्हणजे आपली चूक दुसऱ्याला काढता येईल, ही त्यांची शिस्त. त्यांनी चुका पुष्कळ केल्या आणि त्या निघाल्याही. त्याच काळात पुण्यात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सरकारी इमारतीत होते. एतद्देशीय अभ्यासकांना त्याचे दार जवळजवळ बंदच होते. इतिहासकार सरदेसायांच्या संपादनाखाली निवडक कागदांचे 45 भाग निघाले ते 1930 पासून. इंग्रज सरकारने लोकांचे दप्तर बांधून ठेवले आणि वतनदारांनी घरचे सोडून दिले, असा हा उलटा व्यवहार.

सगळे वतनदार उदार होते असे मात्र नाही. कागद दाखवायला घराणी नाखूश असत, आणि ती भीती खुळी नव्हती: वतन त्या कागदांवरच उभे होते. कागद बाहेर गेला की हक्क गेला, शिवाय बनावट सनदा करणाऱ्यांना नमुना मिळाला, असा तो आक्षेप. पण बनावट उघडी पडते तीही ताडून पाहायला शंभर अस्सल कागद समोर असले तरच. आणि मूळ प्रत वाळवीच्या किंवा आगीच्या तोंडी गेली तरी छापलेला मजकूर उरतो. आजचा संशोधक आपली आकडेवारी उघड करायला कचरतो तेव्हा त्याच्या मनातही थोडी वतनदारीच असते.

खर्चाचा आक्षेप अधिक वजनदार. छपाईला पैसा लागतो, लेख तपासायला आणि जपायला माणसे लागतात. राजवाड्यांचे आयुष्य याच ओढाताणीत गेले. भारत इतिहास संशोधक मंडळ चालले ते सभासदांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर. म्हणजे पैसे कोणीतरी भरलेच, पण ते वाचणाऱ्याच्या दारात वसूल झाले नाहीत. हल्ली काही परदेशी प्रकाशक वाचकाला सोडतात आणि लेखकाकडून जबर शुल्क घेतात. हा जकातनाका नुसता घाटाखालून घाटावर हलवण्याचा प्रकार आहे. 1916 साली कारीकडे छपाईचा आकार मागितला असता तर शकावली पेटीतच राहिली असती.

आपल्या सरकारने तिसरी वाट धरली. नोव्हेंबर 2024 मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ला मंजुरी मिळाली: तीन वर्षांना 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके, 6,300 हून अधिक संस्था. ज्या विद्यार्थ्याला कालपर्यंत काहीच मिळत नव्हते त्याच्यासाठी ही मोठी सोय आहे आणि तिला नाक मुरडण्याचे कारण नाही. पण ती सरकारी व्यवस्थापनाखालच्या उच्च शिक्षणसंस्थांना आणि केंद्राच्या संशोधनसंस्थांना आहे, नागरिकाला नाही. राजवाडे कोणत्याही विद्यापीठाच्या नोकरीत नव्हते, टिळकही नव्हते, आणि दाजीसाहेब तर गावचे देशमुख. आज असते तर तिघेही या योजनेच्या बाहेर राहिले असते. शिवाय मुदत संपली की पुन्हा वर्गणी. छापलेले संमेलनवृत्त असे दर तीन वर्षांनी परत न्यायला कोणी आले नाही.

त्यापेक्षा साधी गोष्ट आपल्याकडे आधीच झाली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमांनी पीएच.डी.चे प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देणे बंधनकारक झाले आणि ‘शोधगंगा’वर ते कोणालाही वाचता येतात. जिथे रेंज आहे तिथे, वेल्ह्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातही, मावळच्या देशमुखीवरचा चारशे पानी प्रबंध फुकट उघडतो. त्याच प्रबंधातून काढलेला पंधरा पानी लेख परदेशी नियतकालिकात गेला असला, तर तो मात्र पुष्कळदा डॉलरमध्ये पैसे मागतो.