हेलिकॉप्टर ढगात शिरते तेव्हा: त्या एका मिनिटाची तयारी कशी करतात?

२६ जानेवारी २०२०, रविवारची सकाळ. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीतून एक सिकॉर्स्की एस-७६बी हेलिकॉप्टर कॅमरिलोकडे निघाले होते. आत बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट, त्याची १३ वर्षांची मुलगी, आणखी सहा प्रवासी आणि वैमानिक असे नऊ जण होते. कॅलाबॅससच्या टेकड्यांजवळ ढग खाली उतरले होते. आपण ढगांच्या वर निघण्यासाठी ४,००० फुटांवर चढत आहोत, असे वैमानिकाने हवाई वाहतूक नियंत्रकाला सांगितले. प्रत्यक्षात त्या क्षणी हेलिकॉप्टर डावीकडे वळत वेगाने खाली येत होते. काही सेकंदांत ते टेकडीवर आदळले. कोणीही वाचले नाही.

यंत्रात बिघाड झाल्याचा पुरावा मिळाला नाही. वैमानिक अननुभवी नव्हता. उपकरणांच्या आधारे उड्डाण करण्याची पात्रता त्याच्याकडे होती, आणि अचानक ढगात सापडल्यावर काय करायचे याचे प्रशिक्षणही त्याने घेतले होते. तरीही आपण वर चाललो आहोत की खाली, हे त्याला कळले नाही. असे का होते, आणि ते टाळण्यासाठी वैमानिकांना काय शिकवले जाते?

फुगडी थांबल्यावर जे होते, तेच

माणसाला तोल तीन गोष्टींमुळे कळतो: डोळे, आतला कान आणि स्नायू-सांध्यांतून येणाऱ्या संवेदना. या तिघांत डोळ्यांचा शब्द शेवटचा असतो. दूरवर क्षितिज दिसत असेल तर बाकीच्या दोघांच्या चुका मेंदू आपोआप दुरुस्त करतो.

आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांत द्रव असतो. डोके वळले की द्रव मागे रेंगाळतो, त्यामुळे आतल्या सूक्ष्म केसांना बाक येतो आणि मेंदूला वळण कळते. मात्र एकाच वेगाने वळत राहिले तर साधारण १० ते २० सेकंदांत द्रवही त्याच वेगाने फिरू लागतो आणि वळण जाणवेनासे होते. मग वळणे थांबवले की द्रव पुढे धावत राहतो आणि आपण उलट दिशेला फिरतो आहोत असे वाटते. फुगडी थांबल्यावर अंगण फिरताना दिसते, त्याचे कारण हेच.

अंगणात दोन पावले अडखळून आपण सावरतो. ढगातल्या वैमानिकाला मात्र धरायला भिंत नसते आणि पाहायला क्षितिजही नसते. हळूहळू सुरू झालेले वळण त्याच्या कानाला कळतच नाही. ते दुरुस्त करायला गेल्यावर आपण उलट्या बाजूला कलंडलो असे वाटते, म्हणून तो पुन्हा पहिल्या वळणात शिरतो. वेग वाढत असेल किंवा वळण आवळत असेल, तर नाक वर उचलल्यासारखे आणि आपण चढत असल्यासारखे वाटते. या फसगतीला स्थितिभ्रम म्हणतात. तो घाबरटपणा किंवा अडाणीपणा नव्हे. निरोगी कान असलेल्या प्रत्येकाला तो होतो.

किती वेळ हातात असतो?

१९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. उपकरणांवर उड्डाण करण्याचा अनुभव नसलेल्या २० जणांना छोट्या विमानात बाहेरचे काही दिसणार नाही अशा स्थितीत उडवायला दिले. सोबत अर्थातच प्रशिक्षक होता. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला. त्यांपैकी १९ जण आवळत जाणाऱ्या गोल घसरणीत सापडले. ताबा सुटेपर्यंतचा सरासरी वेळ होता १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटांना थोडा कमी.

हे झाले विमानाचे. हेलिकॉप्टरच्या बाबतीत वेळ याहून कमी असतो. अमेरिकेतल्या हेलिकॉप्टर सुरक्षा पथकाने प्राणघातक अपघातांचा अभ्यास केला, तेव्हा ढगात शिरल्यापासून ताबा सुटेपर्यंतचा सरासरी वेळ ५६ सेकंद निघाला. याच आकड्याच्या नावाने त्यांनी वैमानिकांसाठी प्रशिक्षणाची चित्रफीतही तयार केली.

एवढा फरक का? नीट संतुलित करून ठेवलेले बहुतेक विमान हात सोडला तरी काही काळ सरळ उडते. हेलिकॉप्टरचे तसे नसते. विशेषतः स्वयंचलित स्थैर्य यंत्रणा नसलेल्या लहान हेलिकॉप्टरचा दांडा सतत हातात धरून बारीक बारीक दुरुस्त्या कराव्या लागतात. क्षितिज दिसेनासे झाले की या दुरुस्त्यांचा आधारच जातो. शिवाय हेलिकॉप्टर कमी उंचीवरून, दऱ्यांतून, तारांजवळून उडते. चूक सावरायला खाली जागाच नसते.

आणखी एक कारण आहे. हेलिकॉप्टर वेग कमी करू शकते, खाली उतरू शकते, हवेत थांबूही शकते. हा त्याचा मोठा गुण आहे आणि सापळाही तोच. समोर धुके दिसले की विमानाच्या वैमानिकाला लवकर ठरवावे लागते. हेलिकॉप्टरचा वैमानिक मात्र ‘थोडे हळू, थोडे खालून, पुढच्या वळणापर्यंत’ असे करत राहू शकतो. धोका असा हप्त्याहप्त्याने वाढतो.

सिम्युलेटरमध्ये काय शिकवतात?

पूर्वी या सरावासाठी खऱ्या उड्डाणात विद्यार्थ्याच्या डोळ्यांवर झापडासारखी टोपी किंवा अर्धवट झाकलेला चष्मा देत, म्हणजे त्याला फक्त उपकरणे दिसत. आजही देतात. पण त्यात मोठी उणीव आहे. टोपी घालताच विद्यार्थ्याला कळते की आता परीक्षा सुरू झाली. खरे धुके अशी सूचना देऊन येत नाही.

सिम्युलेटरमध्ये प्रशिक्षक दृश्यमानता हळूहळू कमी करतो. पाच किलोमीटरवरून तीन, तीनवरून दीड. टेकडीचा माथा झाकला जातो, मग पायथा. कधी डावीकडे थोडे उजळलेले दिसते आणि त्या बाजूला जाण्याचा मोह होतो. विद्यार्थी नेमका केव्हा अस्वस्थ होतो, केव्हा बोलतो, केव्हा वळतो, हे पाहता येते. तो वळलाच नाही तर त्याला ढगात जाऊ देता येते, आदळूही देता येते. पुन्हा त्याच जागेपासून सुरुवातही करता येते.

ढगात शिरल्यावरचा क्रम ठरलेला असतो आणि तो हाताला इतका सवयीचा व्हावा लागतो की विचार करावा लागू नये. पहिले काम म्हणजे नजर आत आणून कृत्रिम क्षितिज दाखवणाऱ्या उपकरणावर ठेवणे आणि हेलिकॉप्टर समपातळीत आणणे. मग दिशा स्थिर ठेवायची. समोर डोंगर असल्याची खात्री असेल तरच वळायचे. त्यानंतर चढाईसाठी लागेल तेवढी शक्ती द्यायची आणि चढाईचा ठरलेला वेग धरायचा. सुरक्षित उंची गाठल्यावर नियंत्रकाला मोकळेपणाने सांगायचे की आपण ढगात आहोत, मदत हवी आहे. रेडिओ शेवटी येतो, कारण आधी हेलिकॉप्टर उडत राहायला हवे.

यातले सर्वांत अवघड काम दिसायला सर्वांत सोपे आहे: उपकरणावर विश्वास ठेवणे. सगळे शरीर सांगत असते की आपण डावीकडे कललो आहोत, आणि सुई सांगते की सरळ आहोत. अशा वेळी सुईचे ऐकणे सरावाशिवाय जमत नाही. हा सराव विसरला जातो, म्हणून तो ठरावीक काळाने पुन्हा करावा लागतो.

ब्रायंटच्या अपघातानंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने भाड्याने चालणाऱ्या हेलिकॉप्टरांच्या वैमानिकांसाठी असे प्रसंगावर आधारित सिम्युलेटर प्रशिक्षण बंधनकारक करावे, अशी शिफारस केली. ही साधने आता आवाक्यातही येत आहेत. २०२१ मध्ये युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने आभासी वास्तवाचा चष्मा लावून वापरायच्या पहिल्या हेलिकॉप्टर सिम्युलेटरला मान्यता दिली. तो रॉबिन्सन आर-२२ या दोन आसनी हेलिकॉप्टरसाठी होता.

सिम्युलेटरलाही मर्यादा आहेत. जमिनीला जखडलेले यंत्र कानातल्या द्रवाला खऱ्या उड्डाणासारखे दीर्घकाळ फसवू शकत नाही. दुसरे म्हणजे तिथे मरण नसते आणि मागे बसलेला प्रवासी घड्याळ पाहत नसतो. म्हणून केवळ हात तयार करून भागत नाही.

सुरक्षा-संध्या कशासाठी?

ब्रिटनमध्ये जनरल एव्हिएशन सेफ्टी कौन्सिल ही संस्था ठिकठिकाणच्या फ्लाइंग क्लबांत वैमानिकांसाठी ‘सेफ्टी इव्हनिंग’ भरवते. अमेरिकेत विमान वाहतूक प्रशासनाचे सुरक्षा पथक असेच मेळावे घेते आणि हजेरीची नोंद वैमानिकाच्या प्रशिक्षणात धरली जाते. कामाचा दिवस संपल्यावर दोन-तीन तास वैमानिक, प्रशिक्षक, कधी हवामानतज्ज्ञ एकत्र बसतात. एखादा अपघात-अहवाल उलगडला जातो. जोडीला सिम्युलेटर असेल तर तोच प्रसंग उडवूनही पाहता येतो.

अशा बैठकीत खरी चर्चा ढगाआधीच्या दहा मिनिटांवर होते. कॅलाबॅससच्या अहवालात तेच आहे. ढगात शिरण्याची शक्यता दिसत असतानाही डोळ्यांच्या भरवशावरचे उड्डाण पुढे नेण्याचा निर्णय, हे अपघाताचे संभाव्य कारण ठरले. ग्राहकाने दबाव टाकल्याचा पुरावा मिळाला नाही. दबाव वैमानिकाने स्वतःच स्वतःवर घेतला होता. जसजसे ठिकाण जवळ येते तसतसे ठरलेला बेत सोडणे जड जाते, असेही मंडळाने नोंदवले. कंपनीच्या सुरक्षा व्यवस्थेवरची देखरेख अपुरी होती, हेही त्यात आहे.

हा दबाव सिम्युलेटरच्या पडद्यावर दिसत नाही. तो बोलल्यावरच कळतो. वीस वर्षे उडणारा एखादा वैमानिक सर्वांसमोर सांगतो की आपणही एकदा परत फिरायला उशीर केला होता, तेव्हा नवख्याला परत फिरण्यात कमीपणा वाटेनासा होतो. हवाई रुग्णवाहिकांच्या वैमानिकांत रुजलेला एक नियम अशा चर्चांत नेहमी येतो. निघण्यापूर्वीच दोन आकडे ठरवायचे: एक उंचीचा आणि एक वेगाचा. हवामानामुळे ठरलेल्या उंचीखाली यावे लागले किंवा नेहमीच्या वेगापेक्षा ३० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ५५ किलोमीटर, कमी करावे लागले, की वाद संपला. परत फिरायचे, उतरायचे किंवा उपकरणांच्या आधारे वर जायचे. निर्णय धुक्यात घ्यावा लागत नाही. तो जमिनीवर, चहा पिताना झालेला असतो.

उतरायचे म्हणजे विमानतळच हवा असेही नाही. अमेरिकेतल्या हेलिकॉप्टर व्यावसायिकांच्या संघटनेने ‘उतरा आणि जगा’ अशा अर्थाची मोहीमच चालवली. शेतात, मैदानात, मोकळ्या जागेत सावधगिरीने उतरण्याची सोय फक्त हेलिकॉप्टरला आहे, आणि तीच अनेकदा वापरली जात नाही.

भारतातले ढग

८ डिसेंबर २०२१ रोजी तामिळनाडूत कुन्नूरजवळ हवाई दलाचे एमआय-१७व्ही५ कोसळले. संरक्षण दलप्रमुख जनरल बिपिन रावत यांच्यासह १४ जणांचा मृत्यू झाला. तिन्ही दलांच्या चौकशीत घातपात, बिघाड आणि निष्काळजीपणा या शक्यता फेटाळल्या गेल्या. दरीत हवामान अनपेक्षितपणे बदलले, हेलिकॉप्टर ढगात शिरले आणि वैमानिकाला स्थितिभ्रम झाला, असा प्राथमिक निष्कर्ष निघाला.

२ ऑक्टोबर २०२४ रोजी पुण्यात बावधनजवळ जुहूकडे निघालेले हेलिकॉप्टर उड्डाणानंतर थोड्याच वेळात कोसळून तिघे गेले. त्या सकाळी परिसरात दाट धुके होते. १५ जून २०२५ च्या पहाटे केदारनाथहून गुप्तकाशीकडे परतणारे हेलिकॉप्टर गौरीकुंडजवळ पडले. त्या सात जणांत यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचे एक कुटुंब होते. दरीत तेव्हाही ढग होते. सह्याद्रीच्या घाटात पावसाळ्यात ढग रस्त्यावर उतरतात, हे एसटीने प्रवास करणाऱ्यालाही ठाऊक आहे. घाटात चालक दिवे लावून गाडी कडेला घेऊ शकतो. हवेत ती कडा नसते.

प्रशिक्षणाची सोय देशात आहे. बंगळुरूमध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्स आणि कॅनडाची सीएई यांनी मिळून ‘हॅट्सऑफ’ ही हेलिकॉप्टर सिम्युलेटर प्रबोधिनी उभी केली आहे. हवाई दलाच्या तिथल्याच वैद्यकीय संस्थेत वैमानिकांना स्थितिभ्रमाचा प्रत्यक्ष अनुभव देणारे यंत्रही आहे. स्वतःचा कान खोटे बोलतो हे एकदा अनुभवले की उपकरणावर विश्वास ठेवणे सोपे जाते.

प्रवाशाने काय करावे?

यात्रेला जाणारा भाविक असो, सभेला उशीर झालेला नेता असो किंवा कारखाना पाहायला निघालेला उद्योजक, प्रवाशाच्या हातात एक गोष्ट असते. ‘जाता येईल ना?’ असे तो विचारतो, तेव्हा वैमानिकाला त्यात ‘जायलाच हवे’ असे ऐकू येऊ शकते. त्याऐवजी निघण्यापूर्वीच ‘हवा बिघडली तर परत फिरा, आम्ही गाडीने जाऊ’ एवढे सांगितले, तर वैमानिकावरचे मोठे ओझे उतरते. वैमानिक परत फिरला तर त्याचे आभार मानावेत. ज्या उड्डाणाची बातमी होत नाही, ते बहुधा अशाच एखाद्या निर्णयामुळे सुखरूप उतरलेले असते.