साइन आउटला उरले नऊ तास

३१ जुलै. पगारदारांच्या प्राप्तिकर विवरणपत्रांचा नेहमीचा अखेरचा दिवस. कोणत्याही छोट्या सीए ऑफिसात घडू शकेल असा हा घटनाक्रम.

२० तास आधी, रात्री १०.३०
विंडोज बंद होत असतानाच वीज जाते. यूपीएसची बॅटरी कधीचीच बसलेली. त्या क्षणी ‘एनटीयूझर.डॅट’ ही फाइल लिहिली जात होती. खात्याच्या बहुतेक सेटिंग्ज तिच्यात असतात. ती बिघडते.

९ तास आधी, सकाळी ९.३०
पासवर्ड बरोबर आहे, पण विंडोजला ती फाइल वाचता येत नाही. मग रजिस्ट्रीतल्या ‘प्रोफाइललिस्ट’मध्ये मूळ नोंदीला ‘.बीएके’ असे शेपूट लागते आणि खाते ‘टेम्प’ नावाच्या नव्या फोल्डरवर चालू होते. पडद्यावर सूचना येते: आताच साइन आउट केले नाही, तर यापुढे तयार केलेल्या फायली जातील. कोणी पुरती वाचत नाही. सूचना मिटवली जाते.

साडेआठ तास आधी, १०.००
डेस्कटॉप कोरा. वर्षभराची कागदपत्रे गेली म्हणून ऑफिसात एकच हलकल्लोळ. प्रत्यक्षात ती सी ड्राइव्हवर जुन्या फोल्डरमध्ये जशीच्या तशी आहेत. तिथे कोणी डोकावत नाही.

साडेसात तास आधी, ११.००
टॅलीचा डेटा सर्व्हरवर असल्याने टॅली बिनतक्रार उघडते. सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. पेनड्राइव्हवरच्या जुन्या एक्सेल फायली डेस्कटॉपवर उतरवून काम सुरू होते.

अडीच तास आधी, दुपारी ४.००
अशिलांची गणिते एकामागून एक तयार होतात. दर दहा मिनिटांनी कंट्रोल-एस. पेनड्राइव्ह अशिलाबरोबर निघून गेलेला.

१० मिनिटे आधी, ६.२०
प्रिंटर सापडत नाही. कॉम्प्युटरवाल्याला फोन लागतो. “ताई, एकदा रीस्टार्ट मारून बघा ना.” सकाळच्या सूचनेबद्दल त्याला कोणी सांगितलेले नाही, त्यानेही विचारलेले नाही.

शून्य, ६.३०
रीस्टार्ट म्हणजे आधी साइन आउट. ‘टेम्प’ फोल्डर डेस्कटॉपसकट पुसले जाते. रिसायकल बिनमध्ये काहीच नाही. डिस्क एसएसडी आहे. पुसलेली जागा मोकळी झाल्याचे विंडोज तिला ‘ट्रिम’ने लगेच कळवते, त्यामुळे रिकव्हरी सॉफ्टवेअरच्या हाती फारसे लागत नाही.

सव्वा तासानंतर, ७.४५
कॉम्प्युटरवाला स्वतः येतो. दुसऱ्या ॲडमिन खात्यातून रजिस्ट्री उघडतो, ‘.बीएके’ काढून मूळ नोंद जागेवर आणतो, ‘स्टेट’ आणि ‘रेफकाउंट’ शून्य करतो. फाइल नुसती अडकली असती तर एवढ्यावर भागले असते. इथे ती खराबच आहे. म्हणून नवे खाते उघडून जुन्या फोल्डरातले डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स त्यात उतरवले जातात. ‘एनटीयूझर’ने सुरू होणाऱ्या फायली तो मुद्दाम मागे ठेवतो, नाहीतर दुखणे नव्या खात्यातही यायचे.

पावणेतीन तासांनंतर, ९.१५
सकाळी ज्यांच्या नावाने रडारड झाली, त्या सगळ्या फायली सुखरूप. गेले ते दिवसभरात ‘सेव्ह’ केलेले काम. रीस्टार्टआधी कामाचे फोल्डर डी ड्राइव्हवर उतरवले असते, तर तेही वाचले असते. आता गणिते पुन्हा मांडायची. मध्यरात्रीनंतर भरलेल्या विवरणपत्रावर ५,००० रुपयांपर्यंत विलंब शुल्क लागते.