दोन हृदयांची स्त्री

गिरगावातल्या चाळींत आजवर किती डोहाळजेवणे झाली असतील! 'डोहाळे' या शब्दात दोन हृदये दडली आहेत, हे मात्र तेथे क्वचितच कुणाला सुचले असेल. संस्कृत 'दोहद'चा संबंध परंपरा 'द्विहृदय'शी जोडते. भाषाशास्त्राला ती व्युत्पत्ती निर्विवाद वाटत नाही, ती गोष्ट निराळी. सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते आणि गर्भिणी 'दौहृदिनी' ठरते. ते दुसरे हृदय बोलायचे ते आईच्याच तोंडून, चिंचा-आवळे मागत.

१८२१ साली पॅरिसमध्ये केर्गाराडेक या डॉक्टरांनी गर्भजलाची खळखळ ऐकावी म्हणून गर्भिणीच्या पोटाला लेनेकची नळी लावली. ऐकू आली ती घड्याळासारखी टिकटिक. पुढे १८९५मध्ये पिनार यांचे कर्णे आले. पण कर्णा म्हणजे परक्याचा कान पोटाशी येणे. पुरुष डॉक्टरांचा संकोच बाळगणाऱ्या त्या काळच्या मुंबईत, १८८६ साली सुरू झालेले, स्त्री-डॉक्टरांनी चालवायचे कामा रुग्णालय किती मोलाचे होते, हे यावरून उमजते.

कर्ण्यातला ठोका आईला मात्र ऐकू येत नसे. १९६०च्या दशकात डॉप्लर यंत्र आले आणि मिनिटाला ११० ते १६० पडणारे ते ठोके प्रथमच तिच्याही कानी पडले. त्याच ध्वनिलहरींच्या सोनोग्राफीने पुढे मुलींचा घात केला. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राला १९८८मध्ये देशातला पहिला कायदा करावा लागला. 'ठोके जलद, म्हणजे मुलगी' हा निराधार समज अजूनही कानावर येतो. ठोका ऐकतानाही आपण नेमके काय ऐकू पाहतो?