दादर टी.टी.ची शेवटची ट्राम आणि मसूरची बैलगाडी

मुलुंड-घाटकोपरहून बसने दादरला येणारा माणूस कंडक्टरला आजही 'एक टीटी' म्हणतो. टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून निघालेली मुंबईची शेवटची ट्राम इथेच येऊन थांबली. गाडी खच्चून भरलेली होती आणि तिला निरोप द्यायला रस्त्याच्या दुतर्फा माणसे उभी होती. त्या रात्रीबद्दल हळवेपणाने पुष्कळ लिहिले गेले आहे : ती घंटा, ती संथ चाल, ते स्वस्त भाडे. हा हळवेपणा आम्हाला खोटा वाटत नाही, अपुरा वाटतो. ट्राममध्ये कोणाच्या शेजारी कोण बसत होते, हा प्रश्न त्यात येतच नाही.

मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली ९ मे १८७४ रोजी. कुलाबा ते पायधुणी भाडे तीन आणे. ७ मे १९०७ पासून विजेवरची ट्राम आली. त्याच वर्षी बाबासाहेब मॅट्रिक झाले. ट्राम चालवणारी कंपनी काही समाजसुधारक नव्हती. तिला प्रवासी हवे होते आणि भाडे हवे होते. रस्त्यात हात दाखवून चढणाऱ्याची जात विचारत बसली असती तर धंदा बुडाला असता.

आता याच काळातली दुसरी गाडी पाहा. १९०१ साल. मुंबईत ट्राम धावू लागून सत्तावीस वर्षे झाली होती. वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेले लहानगे भीमराव, त्यांचे भाऊ आणि भाचे मसूर स्टेशनावर उतरले. मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला आणि एकही गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने पायी चालणार, असा सौदा ठरला. रात्र पडली, टोलनाक्यावर मुक्काम झाला. जवळ जेवण होते, पण पाणी कोणी दिले नाही. मुले उपाशी झोपली. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे.

त्यांनी चाळीसगावचाही प्रसंग लिहिला आहे. १९२९ साली ते परदेशात शिकून आलेले बॅरिस्टर होते, अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य होते. तरीही टांगेवाल्यांनी त्यांना बसवून नेणे कमीपणाचे मानले. वस्तीतल्या लोकांनी टांगा भाड्याने घेतला आणि ज्याने कधी लगाम धरला नव्हता असा आपलाच माणूस हाकायला बसवला. पुलावर टांगा उलटला. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. बॅरिस्टरच्या पदवीने जे झाले नाही, ते मुंबईत चार पैशांच्या भाड्याने होत होते.

म्हणून ट्रामने जात मोडली, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. 'यंत्र आले की जात जाते' हा प्रगत म्हणवणाऱ्यांचा आवडता भ्रम आहे. परळ-लालबागच्या गिरण्यांत आपल्या माणसाला विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. कारण काय, तर तिथे धागा तोंडाने ओढावा लागतो आणि त्याने विटाळ होतो! विणकामात पगार जास्त होता, हे खरे कारण. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. ट्रामचे बाकडे खुले झाले, साचा बंदच राहिला.

आणि बाकडेही आपोआप खुले होत नसते. न्यूयॉर्कमध्ये १८५४ साली एलिझाबेथ जेनिंग्ज या काळ्या शिक्षिकेला घोड्यांच्या ट्राममधून ओढून बाहेर काढले होते. तिने कोर्टात खटला जिंकला. तिथेही कंपनीला भाडेच हवे होते, पण वर्णद्वेष भाड्यापेक्षा मोठा ठरला.

ट्राम ज्या रस्त्याने दादरला येई तो व्हिन्सेंट रोड, आजचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग. ७ डिसेंबर १९५६ ला राजगृहातून निघालेली बाबासाहेबांची अंत्ययात्रा याच रस्त्यावरून गेली. त्या रस्त्याला बाबासाहेबांचे नाव मिळाले याचा आम्हाला अभिमान आहे. पण त्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचे भाडे किती, हे आपण विचारतो का?

उपनगरांत तर ट्राम आलीच नाही. १९५० साली अंधेरी-भांडुपपर्यंतचा आणि १९५७ साली बोरिवली-मुलुंडचा भाग महापालिकेत आला. पालिकेची माणसे झालो, पण पालिकेच्या ट्रामचा एकही रूळ आपल्याकडे पोचला नाही. लोकल स्टेशनपर्यंत आणते, तिथून पुढे वस्तीपर्यंत बेस्टची बसच. आता मेट्रो आहे, तिचे कौतुकही आहे. घाटकोपरच्या वस्तीतून पवईला धुणीभांडी करायला जाणारी आपली बाई मात्र बसच्याच रांगेत दिसते.

तिचा हिशेब मांडू. जाताना दोन बस, येताना दोन. किमान भाडे ५ रुपये होते तेव्हा सुट्या तिकिटांचे रोजचे २० रुपये होत. आता ४०. महिन्याचे २६ दिवस धरले तर ५२० चे १,०४० झाले. स्मारकासाठी, नामांतरासाठी आपण रस्त्यावर उतरलो, उतरलेच पाहिजे होते. या ५२० रुपयांसाठी आपल्या किती शाखांनी साधे निवेदन दिले? कार्यकर्त्यांना विचारले की उत्तर येते, 'तो कामगार संघटनांचा विषय आहे.' मसूरच्या स्टेशनावर दुप्पट भाडे मोजणारी मुले कोणत्या संघटनेची होती?

बेस्टची ही भाडेवाढ लागू झाली तो दिवस होता ९ मे २०२५. मुंबईत पहिली ट्राम निघाली त्याला बरोबर १५१ वर्षे झाली होती.