गेरू लावण्याआधी

अंगाच्या एका बाजूला फोडांची रांग उठली की कर्जत-खालापूरकडे आजही आधी गेरू शोधतात. नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना मिळालं की माणूस जातो, ही धास्ती कशेळ्यापासून खोपोलीपर्यंत सारखीच. कर्जतच्या लॅबमध्ये माझं आयुष्य तपासणीच्या काचा रंगवण्यात गेलं. बहुतेकांची नागीण डॉक्टर नजरेनेच ओळखत. शंकेतले पेशंट माझ्याकडे येत, तेही गेरू लावूनच. तो पुसून न फुटलेला फोड शोधायचा, इथून माझं काम सुरू व्हायचं.

लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो आणि पुढे नागीण होऊन उठतो. दोन्हींचं मूळ एकच, हे पटवायला १९२५ मध्ये कुंड्राटिझ या डॉक्टरने नागिणीच्या फोडातलं पाणी मुलांना टोचलं, आणि त्यांना कांजिण्या आल्या. आज असला प्रयोग कुणी करू देणार नाही.

पुढे १९४७ मध्ये पॅरिसच्या आर्नो झांक यांनी काचेवरची तपासणी रूढ केली. आम्ही करायचो ती हीच. फोडाचं टोपण सुईने उचलायचं आणि ब्लेडच्या बोथट बाजूने तळ खरवडायचा. नुसतं पाणी घेऊन भागत नाही. हव्या त्या पेशी तळाशीच असतात. काच वाळवून मिथेनॉलमध्ये बुडवायची, मग पंधरा मिनिटं गिम्सा या रंगात ठेवायची. ऑइल लेन्सखाली एकाच मोठ्या पेशीत कित्येक केंद्रकं, कर्जत लोकलच्या बाकावरच्या माणसांसारखी चेपून बसलेली दिसली, की विषाणू नागिणीच्याच घराण्यातला.

देवीच्या फोडात अशा पेशी सापडत नाहीत. म्हणून १९७५ मध्ये देशातून देवी जाईपर्यंत देवी की कांजिण्या, हे ठरवायलाही अशी काच उपयोगी होती. मात्र नागीण, कांजिण्या आणि तापानंतर ओठावर येणारे फोड, तिन्हींचं चित्र काचेवर एकच. त्यातला नेमका विषाणू सांगते ती पीसीआर तपासणी. तिची कल्पना कॅरी मलिस यांना १९८३ मध्ये सुचली. त्यासाठी आमच्याकडचा स्वॅब मुंबईला जातो. पैसे जास्त पडतात, पण उत्तर पक्कं येतं.

काच असो वा स्वॅब, फोड ताजा हवा. औषधाचंही तसंच, फोड उठल्यापासून ७२ तासांत सुरू केलं तर गुण चांगला येतो. तेव्हा घरच्यांच्या समाधानासाठी गेरू लावायचाच असेल तर लावा, पण आधी डॉक्टरांना फोड दाखवा.