अँटवर्पचा चौथा

1920 च्या ऑगस्टमध्ये बेल्जियममधल्या अँटवर्प शहरी ऑलिम्पिक भरलं होतं, आणि तिथे फ्रीस्टाइल कुस्तीच्या साठ किलो गटात रणधीर शिंदे उपांत्य फेरीपर्यंत पोचले होते. ब्रिटनच्या हेन्री इनमनला त्यांनी हरवलं. उपांत्य फेरीत अमेरिकेच्या सॅम्युएल गर्सनने त्यांना हरवलं, आणि ब्राँझसाठीची कुस्ती ब्रिटनच्याच बर्नार्डने मारली. शिंदे चौथे आले. पैलवान खाशाबा जाधवांच्या हेलसिंकी ऑलिम्पिकमधल्या ब्राँझ पदकाला तेव्हा अजून बत्तीस वर्षं होती.

हे मला पुस्तकात पुष्कळ उशिरा सापडलं. त्याआधी ते ऐकलं होतं अण्णांकडून, म्हणजे माझ्या आजोबांकडून. अण्णा लहानपणी पुण्याच्या शुक्रवार पेठेत चिंचेच्या तालमीत जायचे. पहाटे हौद्यातली माती खणायची, मग जोर-बैठका, मग जोड, आणि अंग निवत असताना वस्तादांच्या गोष्टी. त्या गोष्टींत 'आगबोटीतून गेलेले दोन पैलवान' हमखास असायचे. एक शिंदे, दुसरे नवले. वस्तादांच्या तोंडी शिंद्यांची उंची दर वर्षी बोटभर वाढायची आणि गोऱ्या पैलवानांची संख्याही. पण निकाल त्यांनी कधी बदलला नाही. 'चौथा आला,' एवढंच म्हणायचे. अण्णांनीही मला तसंच सांगितलं. तालमीतली माणसं डावाचं वर्णन फुगवतात, कुस्तीचा निकाल फुगवत नाहीत, हे मला तेव्हापासून फार आवडतं.

ही सगळी गोष्ट सुरू झाली ती आपल्या डेक्कन जिमखान्यावर. 1906 साली निघालेल्या या संस्थेचे सर दोराबजी टाटा अध्यक्ष होते. 1919 च्या वार्षिक स्पर्धांत त्यांनी खेड्यापाड्यांतले शेतकरी गडी अनवाणी धावताना पाहिले. ते चकित झाले, कारण त्यांच्या धावण्याच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या वेळांच्या जवळ जात होत्या. जिमखान्याच्या एका प्रमुख सभासदाला त्यांनी विचारलं, ऑलिम्पिकमध्ये शर्यतीला किती वेळ लागत असेल? उत्तर मिनिटांत आलं. दोराबजींना सांगावं लागलं की तिथे सेकंदाचे दहा भाग करून मोजतात. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कानावर त्यांनी हा विषय घातला, पैशाची जुळवाजुळव केली, स्वतःच्या खिशातही हात घातला, आणि सहा जणांचा संघ अँटवर्पला गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले, दोन तास पन्नास मिनिटांत. कुमार नवले पहिल्याच कुस्तीत हरले. शिंदे तेवढे पुढे गेले. ऑलिम्पिकमध्ये कुस्ती जिंकणारे ते पहिले भारतीय. अधिकृत नोंदीत त्यांचं आडनाव मात्र 'शिंदेस' असं पडलं ते आजतागायत.

आता त्यांच्यासमोर कोण होतं ते पाहा. सुवर्ण जिंकलेला चार्ल्स ॲकर्ली कॉर्नेल विद्यापीठाचा, रौप्य जिंकलेला गर्सन पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा. दोघंही कॉलेजांच्या स्पर्धांतून गादीवर तयार झालेले, मागे प्रशिक्षक असलेले. आपल्याकडे तेव्हा कुस्ती मातीची. तेल, ताक, हळद घालून मऊ केलेल्या मातीत पाय रुततो, अंगाला माती चोळली की पकड बसते, आणि दोन्ही खांदे टेकवून चितपट केल्याशिवाय कुस्ती सुटत नाही. वजनाचे गट नाहीत, वस्ताद नजरेने जोड लावणार. गादीवर पाय रुतत नाही. घामाने पकड सुटते. घड्याळ चालू असतं, आणि चितपट झाली नाही तर पंच निकाल देतात. मातीत आयुष्य काढलेल्या पैलवानाने समुद्र ओलांडून जायचं आणि त्या गादीवर कॉलेजच्या पोरांशी झुंजायचं, हे काय असेल याची कल्पना ज्याने दोन्हींवर अंग टाकलंय त्यालाच येईल. अण्णांचे तालमीतले दोस्त होते, त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. ते म्हणायचे, 'गादीवर पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा पायाखालची जमीनच गेल्यासारखं झालं रे बाबा.'

तात्या खाशाबांचे भक्त. अण्णांचा आणि त्यांचा वाद आमच्या ओसरीवर कैक संध्याकाळी रंगला. तात्यांचं म्हणणं, शिंद्यांनी एक कुस्ती मारली आणि दोन हरले, त्यात एवढं काय? खाशाबांनी हेलसिंकीत कॅनडा, मेक्सिको, जर्मनी असे तीन देशांचे मल्ल पाडले, आणि हरले ते फक्त सोव्हिएत रशियाच्या मामेदबेयोव्हकडून आणि जपानच्या इशीकडून. म्हणजे रौप्यवाल्याकडून आणि सुवर्णवाल्याकडून. हे खरं आहे आणि वजनदार आहे. 1920 च्या गटात मल्ल थोडे होते, हेही खरं. मला विचाराल तर खाशाबा मोठेच. त्यांचा ढाक डाव, त्यांची चपळाई, गोळेश्वरहून निघून पैशासाठी दारोदार फिरलेली त्यांची जिद्द, आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी त्यांच्यासाठी गहाण टाकलेलं राहतं घर, हे सगळं महाराष्ट्राने डोक्यावर घ्यावं असंच आहे.

पण अण्णांचा मुद्दा वेगळा होता, आणि तो मला आजही पटतो. खाशाबांचं पहिलं ऑलिम्पिक हेलसिंकीचं नव्हे, 1948 चं लंडनचं. तिथे ते सहावे आले होते. गादी कशी असते, नियम काय असतात, हे तिथे अंगाला कळलं, आणि चार वर्षांनी ते पदक घेऊन आले. मग तुलना करायची तर पहिल्या खेपेची पहिल्या खेपेशी करा, असं अण्णा म्हणायचे. एक सहावा, एक चौथा.

केशव मंगावे यांचं नावही या हिशेबात घ्यायला हवं. हेलसिंकीत खाशाबांच्या बरोबर गेलेले मंगावे बासष्ट किलो गटात चौथे आले, अमेरिकेच्या हेन्सनच्या एकच पायरी खाली. एकाच ऑलिम्पिकमध्ये आपल्याकडचे दोन मल्ल तिसरे आणि चौथे! पहिल्याची मिरवणूक निघाली, दुसऱ्याचं नाव कुस्तीच्या जाणकारांपुरतं राहिलं.

चौथ्याचं नशीब खेळाच्या नियमांवरही असतं. बॉक्सिंगमध्ये उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही ब्राँझ मिळतं. 2008 साली बीजिंगला विजेंदर सिंग उपांत्य फेरीत हरला आणि गळ्यात पदक घालून आला. आपण आनंदाने नाचलो, आणि ते योग्यच होतं. कुस्तीतही त्याच वर्षापासून प्रत्येक गटात दोन ब्राँझ द्यायला लागले. शिंदे उपांत्य फेरीत हरले तेव्हा त्यांना आणखी एक कुस्ती खेळावी लागली. त्या एका कुस्तीने त्यांना शंभर वर्षांच्या विस्मृतीत ढकललं.

आज कात्रजला मामासाहेब मोहोळांच्या नावाचं कुस्ती संकुल आहे, पुण्यात काका पवारांच्या हाताखाली पोरं माती आणि गादी दोन्हींवर घाम गाळतात. त्यांच्याच तालमीतला राहुल आवारे 2019 साली जागतिक स्पर्धेत एकसष्ट किलो गटात ब्राँझ जिंकला. त्याच्या आधी त्याने परदेशी गादीवर किती कुस्त्या खेळल्या असतील, किती हरल्या असतील! पैलवान असाच घडतो.

शिंद्यांना ती दुसरी खेप मिळालीच नाही. 1924 साली पॅरिसला भारताचा संघ गेला, त्यात धावपटू होते, टेनिस खेळणारे होते. कुस्तीगीर एकही नव्हता.